स्टोव्ह कोणी पेटवलाय?

"अगं, इथे स्टोव्ह कोणी पेटवलाय?"

मुंबई विमानतळावर बसमधून उतरून आम्ही विमानाच्या शिडीकडे चालत होतो, तेव्हा आत्याने हे विचारलं. विचारलं म्हणजे चांगलं खणखणीत आवाजात, चाळीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला विचारावं तसं. आत्या एकोणऐंशी वर्षांची. तिचा हा पहिलाच विमानप्रवास. नागपूरला नातवाच्या मुलीचं बारसं होतं आणि रेल्वेत चौदा-पंधरा तास बसणं आता तिच्या कमरेला झेपणार नव्हतं. आधीच सुरक्षा तपासणीत एक अंक होऊन गेला होता. तिच्या पिशवीत निरांजन, फुलवातींची डबी आणि काडेपेटी होती. गणवेशातल्या मुलीने काडेपेटी तेवढी काढून घेतली. "दोन रुपयांची काडेपेटी ती, तिच्यात काय बॉम्ब ठेवलाय मी?" असं आत्या म्हणाली आणि माझ्या काळजाचं पाणी झालं. तो शब्द तिथे उच्चारायचा नसतो हे तिला कसं सांगणार? त्यामुळे शिडीपाशी तिने स्टोव्हचं काढलं तेव्हा माझा संयम तसाही काठावर होता. मागे कानात बोंडं घातलेला एक मुलगा फिस्सकन हसला. मी आत्याचा दंड जरा जोरातच धरला. "आत्या, हळू. स्टोव्ह कुठला इथे? विमानाचं असतं ते." ती गप्प झाली. नागपूर येईपर्यंत गप्पच होती. खिडकी तिला दिली होती, पण तिने एकदाही बाहेर पाहिलं नाही.

विमानाचं दार लागायच्या आधी मी नकळत एक दीर्घ श्वास घेतला. रॉकेलच होतं की ते!

आणि हे मला कळायला हवं होतं. माझ्या बाबांनी एकतीस वर्षं माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात, क्रूड म्हणजे कच्च्या तेलाच्या युनिटवर काढली. विमानाचं इंधन, ज्याला तिथली माणसं 'एटीएफ' म्हणतात, ते रॉकेलच आहे हे मी शाळेत असल्यापासून ऐकत आले आहे. तेच रॉकेल, जरा जास्त सोवळ्यातलं. त्यात पाण्याचा अंश चालत नाही, निळा रंग नसतो आणि उणे ४७ अंशांपर्यंत ते गोठता कामा नये, कारण वर आभाळात तेवढी थंडी असते. माहुलहून ते जमिनीखालच्या नळातून थेट सांताक्रूझच्या विमानतळावर जातं. म्हणजे आत्याच्या नाकाने चूक केलीच नव्हती. चूक माझ्या कानांची. स्टोव्ह हा शब्द चारचौघांत ऐकल्याची त्यांना लाज वाटली.

आत्याची खोली लालबागला, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. दहा बाय बाराची. तिथे ती खाणावळ चालवायची. १९८२च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आतोबांचा पगार थांबला तेव्हा अकरा मेंबर होते, त्यातले निम्मे पुढे गावाला निघून गेले. उरलेल्यांच्या पोळ्या मात्र ती करत राहिली, काहींच्या तर उधारीवर. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे असायचे आणि माझी सकाळ स्टोव्हच्या आवाजाने व्हायची. दोन पितळी स्टोव्ह, तीन पायांचे, चिंचेने घासून लखलखीत केलेले. आधी बर्नरखालच्या वाटीत भिजवलेला काकडा पेटवायचा. तो पिवळा, धुरकट जळत असताना बर्नर तापायची वाट पाहायची. ही वाट पाहणं महत्त्वाचं. घाई केली तर कच्चं रॉकेल उसळून येतं आणि ज्योत हातभर वर जाते. बर्नर तापला की चावी घट्ट करायची, पंप मारायचा, पाच, सहा, सात, आणि मग तो आवाज. आधी फुरफुर, मग भर्रर्र. पिवळी ज्योत निळी व्हायची आणि आत्याचा चेहरा सैल पडायचा. आवाज बारीक झाला की बर्नरच्या भोकात पिन घालायची. पिन हरवली की सगळ्या मजल्यावर आरडाओरडा. मला वाटायचं रॉकेल जळतंय. खरं तर तेल तिथे जळतच नाही. तापलेल्या नळीतून जाताना त्याची वाफ होते आणि जळते ती वाफ. बाबा म्हणायचे, आमच्याकडे जे पन्नास मीटर उंचीच्या लोखंडी खांबात चालतं त्याची सुरुवात तुझ्या आत्याच्या स्टोव्हमध्ये रोज पहाटे साडेचारला होते.

बाबा नोकरीला लागले तेव्हा तेल कंपन्यांच्या पाट्या बदलत होत्या. एस्सोचं १९७४मध्ये हिंदुस्तान पेट्रोलियम झालं, बर्मा शेलचं १९७६मध्ये सरकारीकरण होऊन पुढे भारत पेट्रोलियम. जुने लोक मात्र कितीतरी वर्षं 'मी बर्मा शेलला आहे' असंच सांगत. कोकणातून मुंबईला आल्यावर बाबा आधी आत्याच्याच खोलीत राहिले, खाणावळीचे बिनपैशाचे मेंबर म्हणून. त्यामुळे कारखान्यातलं काहीही समजावून सांगायचं झालं की ते चाळीचं उदाहरण घेत. क्रूड म्हणजे गावाहून एका गाडीने आलेली माणसं, म्हणायचे. सगळी एकमेकांत मिसळलेली, घामाघूम, अंगावर मीठ. हो, मीठ खरंच असतं. जवाहर द्वीपाला लागणाऱ्या बोटींतून जे तेल येतं त्यात खारं पाणी असतंच. ते आधी धुऊन काढावं लागतं, नाहीतर मीठ लोखंड खातं. मग भट्टीत ते तापवायचं, साडेतीनशे अंशांच्या वर, आणि कॉलममध्ये, म्हणजे त्या उंच लोखंडी खांबात, तळाशी सोडायचं. बहुतेकांची वाफ होते. ही वाफ मजल्यामजल्याने वर चढते आणि ज्याचा त्याचा मजला आला की निवून पुन्हा तेल होते. हलकी माणसं सगळ्यात वर. तिथे गॅस. त्याच्या खाली पेट्रोल-नाफ्था, मग रॉकेल, मग डिझेल. आणि जे तापूनही उठायचंच नाव घेत नाही ते तळमजल्यावर, काळं, जड. "आपल्या चाळीत वरच्या मजल्याला पाणी चढत नाही," बाबा म्हणायचे, "तिथे नेमकं उलटं." त्यांच्या बोलण्यात 'डिस्टिलेशन' हा शब्द मी कधी ऐकला नाही. "कट नीट बसला पाहिजे," एवढंच. रॉकेलच्या मजल्यावर पेट्रोलवाले घुसले नाही पाहिजेत आणि डिझेलवाले खालून वर आले नाही पाहिजेत. रात्रपाळीची सगळी कमाई ती.

तळमजल्याची गोष्ट मला सगळ्यात आवडायची. तिथल्या काळ्याला आणखी तापवलं तर ते उकळण्याऐवजी जळून त्याचा कोळसा होतो. मग करायचं काय? त्याला दुसऱ्या खांबात नेतात आणि आतली हवा खेचून घेतात. महाबळेश्वरला पाणी कमी तापातच उकळतं आणि म्हणूनच डाळ लवकर शिजत नाही. तसंच हे, त्याच्या कितीतरी पट पुढे नेलेलं. दाब कमी झाला की तो जड गडीसुद्धा कमी तापात उठतो. त्यातून वंगणाची तेलं निघतात, मेण निघतं, आणि एवढं करूनही जे उठत नाही ते डांबर. उठलेल्यांपैकी काहींना आणखी एका यंत्रात घालून, तोडून, त्यांचं पेट्रोल करतात. त्या यंत्राला कारखान्यात 'कॅट' म्हणत. बाबा फोनवर "कॅट बसलं" म्हणाले की मला वाटायचं तिथे एक मांजर आहे आणि ते दमून बसलंय. हा समज मी पार सहावीपर्यंत बाळगला होता.

आम्ही चेंबूरला राहायला गेलो तेव्हा आमच्या गॅलरीतून कारखान्याची ज्योत दिसायची. फ्लेअर. उंच नळकांड्याच्या टोकावर रात्रंदिवस जळणारी. कुठे काही बिघडलं, दाब वाढला, तर नको असलेला वायू तिथे सुरक्षितपणे जाळून टाकतात. एरवी ती मूठभर असायची. एखाद्या रात्री अचानक मोठी व्हायची, आमच्या भिंतीवर केशरी उजेड हलायचा आणि आई कणकेचा गोळा पुन्हा झाकून ठेवत म्हणायची, "आज बाबा उशिरा येणार." कधी चुकली नाही. त्या हवेचाही एक वास होता, सडक्या अंड्यासारखा, पावसाळ्याच्या तोंडावर जास्त. आम्हाला त्याची सवय झाली होती आणि पगारही तिथूनच येत होता, म्हणून त्याबद्दल घरात कोणी फार बोलायचं नाही. पुढे माहुलला राहायला पाठवलेल्या माणसांनी याच हवेबद्दल कोर्टापर्यंत धाव घेतली. त्या बातम्या वाचताना मला आमचं ते न बोलणं आठवायचं.

सडक्या अंड्याचा वास गंधकाच्या संयुगांचा. हा गंधक तेलातून काढावा लागतो. २०२०च्या एप्रिलपासून तर पेट्रोल-डिझेलमध्ये तो दहा लाख भागांत जेमतेम दहा भाग चालतो. काढलेला गंधक पिवळाधमक, लिंबाच्या लोणच्याचा रंग असतो तसा. तो जातो कुठे? खताला जातो, आणि थोडा जातो साखर कारखान्यात. उसाचा रस पांढरा करायला गंधकाचा धूर देतात. म्हणजे आत्या ज्या स्टोव्हवर चहा ठेवायची त्याचं तेल आणि त्या चहातली साखर पांढरी करणारा गंधक यांचं मूळ गाव एकच असू शकतं. हे मी बाबांना एकदा सांगितलं तर ते म्हणाले, "आणि चहाचं पातेलं उतरताना हात भाजला की लावायचं व्हॅसलीन?" तेही तिथलंच. १८५९मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात ड्रेकने तेलाची विहीर खणली, तेव्हा तिथल्या मजुरांना पंपाच्या दांड्यांना चिकटणारा एक मेणचट लगदा वैताग आणायचा. पण कापलं-भाजलं की ते तोच चोळत. चेसब्रो नावाच्या एका तरुणाने ते पाहिलं, लगदा घरी नेला आणि साफ करून डबीत भरला. त्या काळात सगळ्यांना हवं होतं ते रॉकेल, दिव्यासाठी. पेट्रोल कोणालाच नको होतं. भडकतं म्हणून ते ओढ्या-नद्यांत सोडून देत. मोटारी यायच्या होत्या अजून. आज त्याच पेट्रोलचा भाव पंपावर वाचून आपण तोंड वाकडं करतो.

गॅसची गोष्टही अशीच. वरच्या मजल्यावरचा पाहुणा, आधी कोणाला नको असलेला. आमच्या शेजारच्या आजी गॅसला 'बर्शेन' म्हणायच्या आणि सिलिंडर बाहेर पॅसेजमध्ये ठेवा म्हणून भांडायच्या. नंतर त्याच सिलिंडरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसले. आत्याला गॅस मिळाला खूप उशिरा. तोपर्यंत रेशनच्या दुकानासमोर डब्यांची रांग. माणसांची नव्हे, डब्यांची. प्रत्येक डब्याला ओळखीची खूण, कुणाची लाल चिंधी, कुणाची सुतळी, आणि डबे रांगेत ठेवून बायका घरी पोळ्या लाटायला. दुकानदार पिंपातून पंपाने माप भरायचा, नरसाळ्यातून ओतायचा, आणि शेवटचा थेंब पडायची वाट न बघता नरसाळं उचलायचा. यावरून रोज वाद. रेशनचं तेल निळं असायचं. तो रंग मुद्दाम घातलेला, ते पेट्रोल-डिझेलमध्ये मिसळलं तर कळावं म्हणून. स्वस्तातलं रॉकेल महाग डिझेलमध्ये घालण्यात किती पैसा होता हे पुढे २०११च्या जानेवारीत सगळ्या महाराष्ट्राला कळलं. मनमाडजवळ अशी भेसळ पकडायला गेलेल्या अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भर दिवसा जाळून मारलं. त्या आठवड्यात बाबा टीव्हीसमोरून उठून आत निघून जायचे. "आम्ही रात्र रात्र जागून वेगळं करतो," एकदा म्हणाले, आणि वाक्य अर्धवट सोडलं.

कट नीट बसला की नाही हे बघायची एक जागा मी स्वतः पाहिली आहे. कारखान्यात कुटुंबीयांना बोलावण्याचा एक दिवस असायचा. त्या दिवशी प्रयोगशाळेत एका टेबलावर चक्क चिमणी होती. वातीची, पितळेची, आमच्या गावच्या घरातल्या चिमणीची श्रीमंत बहीण. मागे मोजपट्टी. रॉकेलचा नमुना तिच्यात घालायचा, वात पेटवायची आणि हळूहळू वर करत जायची. ज्योतीच्या टोकाला धुराची शेपटी फुटली की थांबायचं, जरा खाली घ्यायचं आणि धूर न होता ज्योत किती मिलिमीटर उंच जळते ते लिहायचं. विमानाच्या इंधनालाही हीच परीक्षा. एवढाल्या यंत्रांच्या जंगलात शेवटी एक बाई खुर्चीवर बसून वात वरखाली करत होत्या, आणि त्यांचा चेहरा अगदी आत्यासारखा झाला होता, स्टोव्ह निळा होतानाचा.

इथवर आले की मला वाटतं, आत्याला शिडीपाशी लालबागची आठवण आली असणार. पहाट, निळी ज्योत, भर्रर्र आवाज. आणि मी तिला दटावून गप्प केलं. नागपूरला पोहोचेपर्यंत माझ्या मनात हेच चाललं होतं. स्वतःवर रागावण्यातही एक गोडवा असतो.

रात्री तिच्या पायांना तेल लावताना मी कबुली दिली. म्हटलं, आत्या, बरोबर होतं तुझं, ते रॉकेलच. विमान रॉकेलवरच चालतं. ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला ठाऊक होतं. म्हणून तर घाबरले."

"घाबरलीस?"

"वास आला की आधी काडी कुठंय ते बघायचं असतं."

मग तिने सुमनचं नाव घेतलं. खरं नाव वेगळं, मी इथे बदललं आहे. मजल्याच्या पलीकडच्या टोकाला राहायची. लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. मी तेव्हा लहान होते. मला एवढंच आठवतं की एका सुट्टीत आत्याने मला गॅलरीत जाऊ दिलं नाही आणि दोन दिवस आमच्याकडे स्टोव्ह पेटला नाही, मेंबरांनी पाव खाल्ले. त्या वर्षांत वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर दर दोन-चार दिवसांनी एक चौकट असायचीच, 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू'. काही भडके खरेही असत. रॉकेलला काडी लावली तरी ते लगेच पेटत नाही, आधी त्याला जरा तापावं लागतं. पण त्यात पेट्रोलचा अंश आला की त्याची वाफ खोलीच्या हवेतच उठते आणि मग वाट पाहणं वगैरे काही उरत नाही. मजला चुकलेला एक पेलाभर पुरतो. हे असं शास्त्र मला सांगता येतं. सुमनकडे तसं झालं होतं का? १९८३मध्ये ४९८-अ हे सासरच्या छळाविरुद्धचं कलम आलं, १९८६मध्ये हुंडाबळीचं कलम आलं, ते असंच आलं नाही. "वीस वर्षं स्टोव्ह वापरला मी," आत्या म्हणाली. "कितीदा हात भाजला, पदर कधी पेटला नाही. तिचाच बरा पेटला." तिने पाय आखडून घेतले. "पोलिसांना मी हेच सांगितलं. लिहून घेतलं नाही त्यांनी."

मी तेलाची वाटी बाजूला ठेवली. आत्याला वासाबरोबर लालबाग आठवलं होतं हे खरंच होतं. मी तिला कुठल्या खोलीत नेऊन सोडलं होतं आणि ती कुठल्या खोलीत उभी होती, एवढाच फरक.

थोड्या वेळाने अंधारात तिचा आवाज आला. "बरं झालं त्या पोरीने काडेपेटी काढून घेतली. शहाणी होती. एवढ्या रॉकेलजवळ कशाला पाहिजे काडेपेटी?" आणि मग, कूस बदलताना, "तुझ्या बाबानं मला कधी सांगितलं नाही हां, विमानात रॉकेल घालतात ते. नाहीतर बसलेच नसते."

परतीचं विमान रात्रीचं होतं. या वेळी आत्या खिडकीला कपाळ टेकवूनच बसली. मुंबई आली, दिव्यांची रांगोळी सुरू झाली, विमान पूर्वेकडून उतरायला लागलं. डाव्या अंगाला, खाडीच्या काळोखाच्या काठावर, बाकीच्या पांढऱ्या दिव्यांत एकच केशरी ठिपका हलत होता. मी बोट दाखवलं. म्हटलं, ती बघ, बाबांच्या कारखान्याची ज्योत. आत्याने चष्मा वर-खाली करून बराच वेळ निरखून पाहिलं, पातेल्याखाली वाकून बघायची तसं.

"बारीक आहे," ती म्हणाली.